वाचण्याची मुभा, लिहिण्याची मनाई

(द्वितीय वर्ष कला)

वाचकहो, वार्षिक अंकात संगणकाविषयीचा लेख पाहून आपण कदाचित पान उलटाल. कला शाखेच्या विद्यार्थिनीने या यंत्राच्या उठाठेवी कशाला कराव्यात, असेही काहींना वाटेल. गेल्या वर्षापर्यंत मलाही तसेच वाटत होते. म्हणून लेखाचा आरंभ मी संगणकापासून न करता आमच्या सामाईक विहिरीपासून करते. असली विहीर कशी असते हे मिरजगावच्या शिवारात कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

आजोबांनी खोदलेल्या त्या विहिरीत आमचे आबा धरून चार भावांचा हिस्सा आहे. सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात तशी नोंदही आहे. आपला कर्जत तालुका अवर्षणप्रवण. विहिरीला पाणी राहिले तर ज्वारी घरात येते, नाही तर कडब्यालाही महाग व्हावे लागते. विहिरीवर मोटार एक आणि मोटारीच्या स्टार्टरची पेटी एक. त्या पेटीला कुलूप आहे व किल्ली थोरल्या चुलत्यांच्या कनवटीला असते. तात्या वाईट मनुष्य नव्हेत. मागितली की किल्ली देतात. परंतु ते बाजाराला गेले, आजारी पडले किंवा लेकीकडे मुक्कामी राहिले की आमची पाळी कोरडी जाते. काठावरून वाकून आम्ही पाणी पाहू शकतो, पण ते पिकाला देऊ शकत नाही. आबा एकदा बांधावर बसून म्हणाले होते, "हीर सामाईक हाय, पण किल्ली सामाईक न्हाई."

चौथीत शाळा सुटलेल्या माझ्या वडिलांच्या या वाक्याचा पुरता अर्थ मला संगणक-खोलीत उमगला.

गेल्या वर्षी मी प्रथम वर्षाला होते. वार्षिकासाठी आलेले लेख आम्ही काही विद्यार्थी मिळून टंकलिखित करीत होतो. एक जुने यंत्र 'सर्व्हर' म्हणून कोपऱ्यात ठेवलेले असते. त्यातील 'वार्षिक' हा फोल्डर खोलीतल्या सर्व संगणकांवरून दिसतो. प्रत्येकाने आपल्या नावाने आत शिरायचे, लेख टंकायचा आणि त्या फोल्डरमध्ये ठेवायचा. मग दुसऱ्याने मुद्रितशोधन करायचे, तिसऱ्याने मथळे जुळवायचे. निदान ठरले तरी तसे होते.

माझ्या एका वर्गमैत्रिणीने आपल्या आईवर लेख लिहिला होता. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. लेख जवळजवळ पूर्ण झाला आणि दिवाळीनंतर टोळी निघाली. मुकादमाची उचल घेतलेली, धाकटी भावंडे लहान, कोपीवर भाकरी थापायला कोणी नाही. तिलाही जावे लागले. शेवटचा परिच्छेद तेवढा राहिला. एका रात्री फडावरून तिचा फोन आला. तिने तो परिच्छेद मला तोंडी सांगितला आणि मी वहीत उतरवून घेतला. नऊच ओळी होत्या. शेवटी ती म्हणाली, "आणि वर आईचं नाव टाक. तिला वाचता येत न्हाई, पण मी बोट ठिवून दावीन, हे तुझं नाव म्हणून."

दुसऱ्या दिवशी मी तिची फाईल उघडली. सगळा लेख समोर होता. मी नऊ ओळी टंकल्या, वर आईचे नाव घातले आणि जतन करू लागले, तर यंत्राने नकार दिला. ही फाईल केवळ वाचण्यासाठी आहे, असे म्हणाले. दोनदा, तीनदा करून पाहिले, उत्तर तेच. अखेर मी ती 'नवीन' अशा नावाने वेगळी ठेवली. माझ्यानंतर शुद्धलेखन तपासणाऱ्याला माझ्या फाईलमध्ये लिहिता येईना. त्याने 'नवीन-अंतिम' केली. त्यानंतर कोणी तरी 'खरी-अंतिम' केली. एका लेखाच्या चार फायली झाल्या आणि घाईगर्दीत छापखान्याला गेली ती पहिली, अर्धवट राहिलेली. अंक निघाला तेव्हा लेखाला शेवट नव्हता आणि आईचे नावही नव्हते.

गळीत हंगाम संपल्यावर ती परत आली. मी अंक तिच्या हातात दिला आणि तोंड लपवावे कुठे असे मला झाले. तिने पाने चाळली आणि म्हणाली, "जाऊ दे गं. छापून आलं हेच लई झालं." ती रागावली असती तर मला बरे वाटले असते. यंदा तिने द्वितीय वर्षाला प्रवेश घेतलेला नाही.

यंदा संपादक मंडळावर माझी निवड झाली. पहिल्याच दिवशी मी संगणक-खोलीतल्या सरांना विचारले, "सर, फाईल दिसते, उघडते, वाचता येते. मग लिहिता का येत नाही?" त्यांनी काळ्या पडद्यावर एक आज्ञा दिली आणि फायलींची यादी आली. प्रत्येक फाईलच्या आरंभी दहा खुणांची एक ओळ होती. पहिली खूण ही फाईल आहे की फोल्डर एवढेच सांगते. पुढच्या नऊ खुणा तीन-तीनच्या जुड्यांनी वाचायच्या. पहिली जुडी मालकाची, दुसरी गटाची, तिसरी इतरांची. प्रत्येक जुडीत तीन हक्क असतात: वाचणे, लिहिणे आणि चालवणे. फोल्डरच्या बाबतीत 'चालवणे' म्हणजे आत शिरणे. मी माझ्या सोयीसाठी वहीत मराठीत लिहून घेतले:

वा ले – । वा – – । वा – –

म्हणजे मालकाने वाचावे आणि लिहावे, गटाने नुसते वाचावे, इतरांनीही नुसते वाचावे. हेच आकड्यांत सांगायचे तर वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालवण्याचा १ धरून प्रत्येक जुडीची बेरीज करायची. आमच्या फायलींची बेरीज येत होती ६४४. माझ्या मैत्रिणीचा लेख याच आकड्यात अडकला होता. तो गटाच्या जुडीत ६ असा असता, म्हणजे ६६४ असता, तर तिच्या आईचे नाव छापून आले असते. अवघ्या दोनाचा फरक!

मी विचारले, हा आकडा कोणी लावला? उत्तर असे की कोणीच नाही. नवी फाईल जन्माला येते तेव्हा तिचे हक्क एका चाळणीतून गाळले जातात. या यंत्रावरील लिनक्समध्ये त्या चाळणीला 'यूमास्क' म्हणतात आणि तिचा रूढ आकडा ०२२ असा आहे. ही चाळणी गटाचा आणि इतरांचा लिहिण्याचा हक्क काढून घेते. आमच्या खोलीतले बाकीचे संगणक विंडोजचे आहेत. त्यांची आणि लिनक्सची गाठ घालून देणारी जी 'सांबा' नावाची व्यवस्था आहे, तिची स्वतःची चाळणी आहे. तिचा मूळ आकडा ०७४४. तीही गटाचे लेखन गाळूनच टाकते. अशा प्रकारे कोणीही कोणावर अन्याय करायचे ठरवले नव्हते, तरी अन्याय होत होता. जुन्या सवयीला कोणी हात लावला नाही, एवढेच कारण त्याला पुरले. आपल्या समाजातील पुष्कळ अन्याय असेच चालतात, नाही का?

या 'गट' शब्दाचा इतिहास मला फार उद्बोधक वाटला. युनिक्स नावाच्या ज्या प्रणालीच्या वळणावर लिनक्स घडले, ती केन थॉम्पसन आणि डेनिस रिची या दोघांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये उभी करण्यास आरंभ केला. तिचे पहिले बाहेरचे वापरकर्ते कोण, तर त्याच संस्थेच्या पेटंट विभागातील टंकलेखक. १९७१ मध्ये ते पेटंटचे अर्ज तिच्यावर टंकीत असत. म्हणजे कागदपत्रे मिळून लिहिणे हे या प्रणालीचे अगदी सुरुवातीचे काम. तरीही १९७१ च्या पहिल्या आवृत्तीत दोनच वर्ग होते, मालक आणि बाकीचे. १९७५ ची सहावी आवृत्ती पाहिली तर त्यात गट हा तिसरा वर्ग आलेला दिसतो. 'माझे' आणि 'परक्याचे' या दोन शब्दांच्या मध्ये 'आमचे' हा शब्द यायला मोठमोठ्या बुद्धिमंतांनाही काही वर्षे लागली. तो शब्द येऊन आता सुमारे अर्धशतक झाले, पण त्याला लिहिण्याचा हक्क देण्याचे आपण अजून विसरतो.

आता उपायांकडे वळू. आम्ही एकूण तीन उपाय पाहिले. त्यांतील दोन चुकीचे होते हे कबूल केले पाहिजे.

पहिला उपाय मेहरबानीचा. जिला फाईल दुरुस्त करायची असेल तिने सरांकडे जावे आणि सरांनी तेवढ्या फाईलचा आकडा बदलून द्यावा. सर कधी नाही म्हणाले नाहीत. परंतु सर रजेवर असले की काम खोळंबे. शिवाय आज दुरुस्त केलेली फाईल मोकळी झाली तरी उद्या टंकलेली फाईल पुन्हा कुलूपबंदच जन्माला येई, कारण चाळणी तीच होती. हीच ती तात्यांच्या कनवटीची किल्ली. देणारा कितीही सज्जन असला तरी मागावी लागणारी वस्तू हक्क ठरत नाही.

दुसरा उपाय वैतागाचा. सारखी मागणी होऊ लागली तेव्हा एका दिवशी सगळ्या फोल्डरला ७७७ हा आकडा लावला गेला. म्हणजे मालक, गट, इतर, सर्वांना सर्व मुभा. आम्हाला आनंद झाला. तो आठ दिवस टिकला. नवव्या दिवशी कवितांचा अख्खा फोल्डर नाहीसा झाला. दुसऱ्या कुठल्या तरी तुकडीतील मुलाने जागा मोकळी करण्यासाठी, आपलेच जुने काही असेल असे समजून, तो पुसून टाकला होता. बहुतेक कविता पेनड्राइव्हवर सापडल्या. दोन कायमच्या गेल्या. त्या कवींनी हस्तलिखितेही जपून ठेवली नव्हती.

येथे एक विलक्षण गोष्ट कळली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. फाईल पुसण्याचा हक्क फाईलवर अवलंबून नसतो, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्याच्यावर असतो. ज्याला फोल्डरमध्ये लिहिता येते त्याला आतल्या फाईलमधला एक काना बदलता येत नसला, तरी ती अख्खी फाईल नाहीशी करता येते! गेल्या वर्षी फोल्डरमध्ये नव्या फायली ठेवण्याची मुभा आम्हा सर्वांना होतीच. म्हणजे मैत्रिणीच्या लेखाला शेवट जोडण्याची मला परवानगी नव्हती, पण तो लेख नष्ट करण्याची होती. दुरुस्तीला बंदी आणि विध्वंसाला मोकळीक, अशी ही तऱ्हा. विचार न करता ठेवलेल्या व्यवस्थेचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

कविता गेल्यानंतर जे व्हायचे तेच झाले. "मुलांच्या हाती लिहिण्याचा हक्क दिला की असेच होणार," असे सूर निघाले आणि फोल्डर पूर्वीपेक्षा घट्ट बंद झाला. मुलांनी कागदावर लिहून द्यावे, एकाच माणसाने टंकावे, असे ठरू लागले. माझा विरोध नेमका या निष्कर्षाला आहे. हा लेख मी त्यासाठीच लिहिते आहे. कुलूप आणि उघडे मैदान, एवढ्या दोनच गोष्टी जगात आहेत काय? त्यांच्या मध्ये जो 'गट' आहे, त्याची जुडी आम्ही नीट लावूनच पाहिली नव्हती.

तिसरा उपाय तो. जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी सर, मी आणि मंडळावरील आणखी दोघे बसलो. प्रथम 'वार्षिक' नावाचा गट निर्माण केला आणि त्यात संपादक मंडळ व टंकणारे विद्यार्थी यांचीच नावे घातली. मग तो फोल्डर व त्यातील सर्व जुन्या फायली त्या गटाच्या नावे केल्या. फोल्डरांना ७७५ आणि फायलींना ६६४ असे हक्क लावले. दोन्हींना एकच आकडा चालत नाही, कारण फोल्डरमध्ये शिरावे लागते आणि लेखात शिरावे लागत नाही. इतरांना वाचण्याची मुभा राहिली, लिहिण्याची राहिली नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर पुन्हा आजचेच भागले असते. म्हणून फोल्डरच्या आकड्यामागे २ हा चौथा अंक लावून तो २७७५ केला. याला 'सेट-जीआयडी' म्हणतात. हा अंक असला की त्या फोल्डरमध्ये जन्मणारी प्रत्येक नवी फाईल, टंकणारा कोणीही असो, फोल्डरच्या गटाची होते. शेवटी सांबाची चाळणी बदलली. नव्या फायलींसाठी ०६६४ आणि नव्या फोल्डरांसाठी २७७५. सांबाचे दार वेगळे आणि लिनक्सचे वेगळे. एक उघडे आणि दुसरे बंद असले तर माणूस बाहेरच राहतो.

सगळे करूनही मला लिहिता येईना तेव्हा अर्धा तास आमची तोंडे उतरली होती. मग सरांच्या लक्षात आले की गटात नव्याने घातलेल्या माणसाला एकदा बाहेर पडून पुन्हा आत यावे लागते. त्याशिवाय यंत्राला त्याचे नवे नाते कळत नाही. मी बाहेर पडले, पुन्हा आत आले आणि एका लेखातील 'परिस्थिति'ची वेलांटी दीर्घ केली. जतन झाले! एका वेलांटीने एवढा आनंद होतो हे मला ठाऊक नव्हते.

पुसण्याचे भय राहिले होते. फोल्डरला 'स्टिकी बिट' नावाची आणखी एक खूण लावता येते. मग ज्याची फाईल त्यालाच किंवा फोल्डरच्या मालकालाच ती पुसता येते. लिनक्समधील 'टेंप' या सार्वजनिक फोल्डरला ती असतेच. परंतु काही लेखन-प्रणाली जतन करताना नवी फाईल करून जुनी काढतात, आणि मग ही खूण आडवी येते. म्हणून आम्ही साधा मार्ग धरला. रोज रात्री सगळ्या फोल्डरची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर आपोआप निघते. ती प्रत आम्हाला वाचता येते, पण लिहिता वा पुसता येत नाही. कुठे लिहिण्याचा हक्क द्यावा याइतकाच तो कुठे देऊ नये याचाही विचार करावा लागतो, हे मी आनंदाने मान्य करते.

आता आक्षेप घेणाऱ्यांना माझे उत्तर. "बिघडवतील" हे भय खोटे नाही. पण बिघाडावर उपाय म्हणून लिहिणेच बंद करणे म्हणजे विंचवाच्या भयाने पेरणी सोडणे होय. जेथे पुष्कळांचे हित गुंतलेले असते तेथे लिहिण्याची शिस्त कशी असते, हे आपल्या चावडीवर पाहावे. जमिनीचा फेरफार तलाठी आपल्या मनाने सातबाऱ्यावर चढवत नाही. आधी फेरफाराच्या नोंदवहीत नोंद होते, तिची प्रत चावडीवर लागते, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत मिळते आणि मग मंडल अधिकारी ती प्रमाणित करतो. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत हे सारे सांगितले आहे. व्यवहारात ते किती पाळले जाते हा निराळा प्रश्न. पण तत्त्व पक्के आहे. कोणी, केव्हा, काय लिहिले याची खूण राहिली पाहिजे, आणि चुकले तर मागे जाता आले पाहिजे.

दुसरे उदाहरण मराठी विकिपीडियाचे. १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, तो सुरू झाला. तेथे तर बहुतेक पानांवर कोणीही लिहू शकतो. तरी तो शिल्लक आहे, वाढतो आहे. कारण प्रत्येक बदलाचा इतिहास तेथे राहतो आणि कोणी खोडसाळपणा केला तर पूर्वीचे पान परत आणता येते. म्हणजे प्रश्न मुलांवर विश्वास ठेवावा की नाही असा नाहीच. चूक झाली तर ती निस्तरण्याची सोय आपण केली आहे का, असा तो आहे.

एक गोष्ट मात्र मला आकड्यांहून महत्त्वाची वाटते. आमच्यासारख्या घरांत वाचनाचे कौतुक होते. मुलगी पेपर वाचते, आलेले पत्र वाचून दाखवते, सातबारा मोबाईलवर काढून वाचते, याचा आबांना अभिमान आहे. वाचण्याचे हक्क आपण पुष्कळ मिळवले. २००५ साली देशात माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला. त्याआधी महाराष्ट्राने आपला कायदा केला होता आणि त्या चळवळीत आपल्याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीचा वाटा मोठा होता. परंतु दप्तर वाचायला मिळणे आणि दप्तरात आपले म्हणणे लिहायला मिळणे, यांत अंतर आहे. आम्ही पहिल्या पिढीचे विद्यार्थी महाविद्यालयात येतो ते बहुधा वाचण्याची परवानगी घेऊन. ग्रंथ वाचावे, सूचनाफलक वाचावा, टिपणे वाचावी. लिहायचे ते परीक्षेत, तेही वाचलेलेच.

आपल्या नगरमध्ये १८४२ साली 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू झाले. त्यात १८५५ साली मुक्ता साळवे या मुलीचा निबंध छापून आला. ती जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकत होती आणि तिचे वय अवघे चौदाच्या आसपास होते. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिले. ज्यांना धर्मग्रंथ वाचण्याचीही बंदी होती, त्यांच्यातील एका मुलीने वाचायला शिकून न थांबता लिहिले, आणि ते छापले गेले. म्हणूनच आज पावणेदोनशे वर्षांनीही तिचे नाव आपल्याला माहीत आहे. ती नुसती वाचक राहिली असती तर शाळेच्या पटावरील एक आकडा होऊन गेली असती.

आकड्यावरून आठवले. यंदा जुलैत, प्रवेश न घेतलेल्या विद्यार्थ्यांची नावे सर्व्हरवरून काढण्यात आली. तो नियमच आहे आणि योग्यही आहे. त्या शनिवारी आम्ही फायलींची यादी पाहत असताना मला तिचा जुना लेख दिसला. इतर फायलींपुढे मालक म्हणून कोणाकोणाचे नाव होते. तिच्या लेखापुढे नाव नव्हते, नुसता एक आकडा होता. नाव काढून टाकल्यावर यंत्राजवळ तेवढेच उरते. फाईल अजून तशीच होती, शेवटाविना. तिच्यात लिहिण्याचा हक्क त्या आकड्याला होता, आणि आकडा उसाच्या फडात होता.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. त्या फार मोठ्या नाहीत.

पहिली: मिळून करायच्या प्रत्येक कामाचा फोल्डर गटाच्याच नावे असावा, आणि लिहिण्याचा हक्क त्या जागेलाच लावलेला असावा. फाईल टंकणारी मुलगी पुढे येवो अथवा न येवो, तिचे काम कोणाला तरी पुरे करता आले पाहिजे.

दुसरी: दर जुलैत गटाची यादी नव्याने लावावी. गेलेल्यांची नावे काढावीत, आलेल्यांची घालावीत, आणि ती यादी सूचनाफलकावर लावावी. गेलेल्याच्या फायली आकड्याच्या स्वाधीन न ठेवता कोणाच्या तरी नावे कराव्यात.

तिसरी: हे कसे करायचे ते एकट्या सरांनाच ठाऊक नसावे. आम्ही शनिवारी जे केले ते मी एका वहीत ओळीने लिहून ठेवले आहे. ती वही संगणक-खोलीत खिळ्याला अडकवली आहे. तिच्यात कोणीही भर घालावी, चुकले असेल ते खोडावे. फक्त खाली आपले नाव व तारीख लिहावी.

राहता राहिले ते त्या लेखाचे. संपादक मंडळाने या अंकात गेल्या वर्षीच्या अंकाचे शुद्धिपत्र द्यायचे ठरवले आहे. त्यात त्या नऊ ओळी आहेत आणि वर तिच्या आईचे नाव आहे. मी वहीतून ओळी टंकल्या, दुसऱ्याने ऱ्हस्व-दीर्घ पाहिले, तिसरीने मथळा जुळवला. तिघांनीही एकाच फाईलमध्ये लिहिले आणि फाईल एकच राहिली. छापण्यापूर्वी मी फोन करून तिला विचारले. टोळी त्या दिवशी कर्नाटकाच्या हद्दीजवळ होती. ती म्हणाली, "नाव नीट टाक. 'बाई' जोडून टाक."

तसे टाकले आहे. अंक निघाला की एक प्रत घेऊन मी तिच्या वाडीवर जाणार आहे. बोट मात्र तिनेच ठेवायचे आहे.